शांतता कोणी राखावी?

वैतरणा नदीवरचे पूल मागे टाकून डहाणूकडे जाणारी लोकल सफाळ्याला थांबते, तेव्हा फलाटांवर गाडीची वाट पाहणाऱ्यांत विद्यार्थिनींचा भरणा पुष्कळ असतो. एडवण, दातिवरे, उसरणी अशा किनाऱ्याकडच्या गावांतून एस.टी.ने अथवा टमटमने आलेल्या, तांदूळवाडीच्या किल्ल्याखालच्या पाड्यांतून निघालेल्या, वाडवळांच्या, कुणब्यांच्या, मांगेल्यांच्या, वारल्यांच्या या मुली कोणी पालघरकडे, तर कोणी उलट दिशेने विरारकडे महाविद्यालयात जातात. आणि २०१३ च्या एप्रिलात उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून तर, ज्या घरांत शाळा संपली की मुलीचे शिक्षण संपत असे, त्या घरांतल्या मुलीही पदवीच्या वर्गात बसलेल्या दिसतात. विद्यापीठ म्हटले की पुस्तकी माणसाच्या डोळ्यांपुढे कमानी, मनोरा आणि ग्रंथालय उभे राहते. या मुलींचे मुंबई विद्यापीठ मात्र सफाळ्याच्या तिकीट-खिडकीपाशी सुरू होते, आणि तिथे त्यांना जे सोसावे लागते त्याची नोंद बहुधा कोणत्याच दप्तरात होत नाही.

या भागातल्या एका महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ‘शांततेची कौशल्ये आणि स्त्रियांवरील हिंसेचा प्रतिबंध’ या विषयावर दोन व्याख्याने योजली, आणि त्यांसाठी ज्या दोघांना पाचारण केले ते दोघेही सफाळ्याचेच रहिवासी निघाले. एक नाना: माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, ऐन उमेदीत तरुण शांतिसेनेच्या शिबिरांतून हिंडलेले, आणि विनोबांचा शब्द आजही प्रमाण मानणारे. दुसऱ्या वकीलबाई: शाळेत नानांच्याच हाताखाली शिकलेल्या, आता पालघरच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या, आणि महाविद्यालयांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसण्याचा अनुभव असलेल्या. विषयाची वाटणी करावयाची म्हणून एका रविवारी दोघे नानांच्या पडवीत बसले. मला बोलावणे होते ते केवळ टिपणे काढण्यासाठी. वाटणी झाली नाही. जे झाले ते वाटणीपेक्षा अधिक उपयोगाचे वाटल्यावरून, स्मरणात राहिले तेवढे इथे मांडतो. मांडताना माझा कल कुठे एका बाजूस झुकलेला दिसल्यास तो लपवण्याची खटपट मी केलेली नाही.

नानांनी आरंभ आपल्या शिरस्त्याप्रमाणे लांबून केला. “आपल्या महाविद्यालयांत इतिहास शिकवतात तो लढायांचा आणि राज्यशास्त्र शिकवतात ते सत्तेचे, पण दोन माणसांत ठिणगी पडत असताना तिसऱ्याने काय करावे, संतापलेल्याचे बोलणे मध्येच न तोडता कसे ऐकावे, नकार आला असता तो मानहानी न समजता कसा स्वीकारावा, हे शिकवणारा एकही तास वेळापत्रकात नसतो. ही विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणेच ती अभ्यासाने येते, उपजत येत नाही. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली हिंसेचे जे विवेचन केले, त्याचा इत्यर्थ असा की हात उगारला गेला नाही म्हणजे शांतता नांदते असे मानणे हा भ्रम आहे. आपल्या फलाटावरची मुलगी एका पोराच्या त्रासाने रोजचा डबा बदलते, मग गाडी बदलते, मग पहिला तास सोडते, आणि शेवटी घरी बसते. या सबंध काळात कोणी कोणाला बोटही लावलेले नसते, आणि म्हणून आपण म्हणतो, सारे कसे शांत आहे! ही अभावात्मक शांतता. मला हवी आहे ती भावात्मक, म्हणजे जिच्यात ती मुलगी आपल्या नेहमीच्या डब्यात, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या मैत्रिणींबरोबर चढते.”

“नाना, गाल्टुंग मला शिरोधार्य आहेत,” वकीलबाई म्हणाल्या, “पण समितीच्या खोलीत शांतता हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकू येतो ते तुम्ही पाहिलेले नाही. मुलीचा अर्ज आला की पहिली धावपळ सुरू होते ती अर्जाची चौकशी करण्याची नव्हे, तर तो मागे घ्यायला लावण्याची. कोणी म्हणतो, नॅकची मूल्यांकन समिती यायची आहे. कोणी म्हणतो, मुलाचे शेवटचे वर्ष आहे. कोणी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगतो, उद्या तिचे लग्न जमवायचे आहे ना! मग मुलाला उभा करून त्याच्याकडून माफीचा कागद लिहून घेतात, मुलीकडून ‘माझी तक्रार राहिलेली नाही’ अशी सही घेतात, चहा येतो, आणि सर्वांना हायसे वाटते. या चहाला तुम्ही शांतता-कौशल्य म्हणणार असाल, तर ते आपल्याकडे मुबलक आहे; शिबिर भरवून ते आणखी वाढवण्याची गरज नाही.”

नाना हसले, पण माघार घेणाऱ्यांपैकी ते नव्हेत. त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा दाखला दिला. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेल्या त्या मोहिमेत नानांनी गावच्या समितीवर मनापासून काम केले होते. पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयांच्या तारखांवर पोसलेली बांधाची भांडणे पाराखाली दोन बैठकांत मिटताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि तडजोडीस कायद्याने अपात्र असलेले गुन्हे समितीच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. “मग गावाला जे साधले ते महाविद्यालयाला का साधू नये?”

“कारण बांध दोघांच्या मध्ये असतो,” वकीलबाई तत्काळ उत्तरल्या. “त्यावर दोघांचाही काही ना काही हक्क पोचतो, म्हणून दोघांनी एकेक पाऊल मागे घ्यायचे असते. मुलीचे शरीर हा कोणाबरोबरचा सामाईक बांध नव्हे. तिथे तिने कोणते पाऊल मागे घ्यायचे? आणि मोहिमेत बक्षीस होते, नाना. ज्या गावाला तंटामुक्त म्हणून बक्षीस मिळवायचे आहे, त्या गावात तक्रार करणारी बाई ही बक्षिसाच्या आड येणारी बाई ठरते. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचेही तसेच आहे.”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि पुढे सर्व संवादभर तो माझ्या मनात राहिला. शांततेचे मोजमाप जर तक्रारींच्या संख्येने करावयाचे ठरवले, तर तक्रार दाबणारा तोच सर्वांत कुशल शांतिदूत ठरतो. आणि आपल्या संस्थांची वार्षिक विवरणपत्रे ‘प्राप्त तक्रारी: शून्य’ असे ज्या अभिमानाने मिरवतात, तो अभिमान वाचून या शंकेला बळकटीच येते.

समेट लादण्याची वृत्ती केवळ प्राचार्यांच्या दालनापुरती नाही, हे दाखवण्यासाठी वकीलबाईंनी उच्च न्यायालयातले उदाहरण काढले. २०२० च्या जुलैत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने, शेजारणीच्या घरात शिरून तिचा विनयभंग केल्याचा आरोप असलेल्या एका माणसाला जामीन देताना अशी अट घातली, की त्याने राखीपौर्णिमेच्या दिवशी मिठाई घेऊन सपत्नीक तिच्या घरी जावे, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये द्यावेत. नऊ स्त्री-वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १८ मार्च २०२१ च्या अपर्णा भट निकालाने ती अट रद्द झाली, आणि अशा प्रकरणांत न्यायालयांनी फिर्यादी स्त्री व आरोपी यांच्यात समेट सुचवू नये, असा दंडक घालून दिला गेला. “पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात तर सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा खटला पुन्हा उभा केला, विद्यार्थिनीच्या वडिलांनी समझोता केला म्हणून तो रद्द झाला होता. वडिलांचे समाधान झाले होते, नाना. मुलीला कोणी विचारले होते?”

नानांना राखीची ती हकिगत ठाऊक नव्हती. ऐकून ते चिडले, आणि त्या चिडण्यातूनच त्यांनी संवादाला जी कलाटणी दिली तिच्यामुळे वकीलबाईंचा बिनतोड मुद्दा जरा अपुरा वाटू लागला.

“तू सारखी त्या दोघांबद्दल बोलते आहेस,” ते म्हणाले. “एक मुलगी, एक मुलगा, आणि मध्ये समिती. मी त्या दोघांबद्दल बोलतच नाही. मी भोवतालच्या चाळीस जणांबद्दल बोलतो आहे.” आणि त्यांनी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या बोलण्यात ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने देतो.

सकाळची वेळ, मुंबईकडे भाजी नेणाऱ्या बायका पाट्या घेऊन फलाटावर बसलेल्या. एक पोरगा एका मुलीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलेला. ती डावीकडे सरकली की तो डावीकडे, उजवीकडे सरकली की उजवीकडे. हातात मोबाइल, तिच्या तोंडासमोर धरलेला. मुलीच्या पाठीशी फलाटाचा खांब. लोक पाहत होते, आणि पाहत नाही असे दाखवत होते. तेवढ्यात एक भाजीवाली उठली, दुधीभोपळे आणि पालेभाजीने भरलेली पाटी त्या दोघांच्या बरोबर मध्ये आणून तिने धपकन ठेवली, डोक्यावर चुंबळ बसवली, आणि पोराला म्हणाली, “ए बाबा, पाटीला जरा हात लाव.” पोरगा गोंधळला. दोन्ही हात लावल्याशिवाय पाटी उचलत नाही; मोबाइल खिशात घालावा लागला. पाटी डोक्यावर चढेपर्यंत मुलगी बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी होती. भाजीवाली डोक्यावरची पाटी घेऊन चार पावले गेली आणि ती तिने पुन्हा खाली ठेवली, कारण गाडीला अजून अवकाश होता.

“अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात यावर ‘ग्रीन डॉट’ नावाचा अभ्यासक्रम तयार झाला,” नाना म्हणाले. “थेट अडवावे, ते न जमल्यास लक्ष दुसरीकडे वळवावे, तेही न जमल्यास अधिकार असलेल्याला बोलावून आणावे, असे तीन मार्ग तिथे मुलांकडून घटवून घेतात. आपल्या भाजीवालीला दुसरा मार्ग न शिकता आला. पण वर्गात बसलेल्या चाळीस मुलांपैकी किती जणांना तो आपण होऊन सुचेल? हे कौशल्य मी शांततेचे मानतो. यात समेट कुठे आला? माफीचा कागद कुठे आला?”

वकीलबाईंनी मान डोलावली. पण उलटतपासणीचा हात असा सहज राहणारा नव्हे. “दुसऱ्या दिवशी?” त्यांनी विचारले.

“दुसऱ्या दिवशी काय?”

“दुसऱ्या दिवशी तो पोरगा आला होता की नाही?”

नानांनी कबूल केले की आला होता; आणि ती भाजीवाली त्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेली होती.

“मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटतात,” वकीलबाई म्हणाल्या, “पण पाटी रोज मध्ये असत नाही. दुसऱ्या दिवसासाठी कायदा लागतो. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नव्या न्याय संहितेतही तो कायम आहे. आता त्यातली अडचण सांगते, म्हणजे मी कायद्याची भाट आहे असे तुम्हाला वाटणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत ‘परिसर’ याची व्याख्या ऐसपैस आहे: सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, ये-जा करण्यासाठी पुरवलेले वाहन, सगळे तीत येते. पण आपली लोकल महाविद्यालयाने पुरवलेली नसते. समिती म्हणते, हे रेल्वेचे. रेल्वे पोलीस म्हणतात, दोघे एकाच कॉलेजचे ना, मग प्राचार्यांकडे जा. आणि गावातले पोलीस करतात काय? मुलाला बोलावून समज देतात. समज! वसईचे तेच झाले.”

वसई म्हटल्यावर पडवीतल्या कोणालाही अधिक सांगण्याची गरज नव्हती, कारण ती आमच्याच रेल्वेमार्गावरची गोष्ट. १८ जून २०२४ रोजी वसई पूर्वेच्या चिंचपाडा भागात, सकाळी, भर रस्त्यात, कामावर निघालेल्या तरुणीला पूर्वी तिच्या ओळखीत असलेल्या माणसाने लोखंडी पान्याने डोक्यात वार करकरून ठार मारले. आधी पोलिसांकडे तक्रार नेली होती, असे तिच्या घरच्यांनी पुढे सांगितले. रस्त्यावर माणसे होती. काहींनी चित्रण केले. त्या चित्रणात एक क्षण असा आहे, की जो त्यानंतरच्या संतापात बहुतेकांच्या नजरेतून निसटला: एक माणूस पुढे होतो, मारेकऱ्याला धरू पाहतो, त्याच्यावर पाना उगारला जातो, आणि तो मागे हटतो. तो एकटा होता. जवळजवळ एक वर्ष आधी, २७ जून २०२३ ला, पुण्याच्या सदाशिव पेठेत एका विद्यार्थिनीच्या मागे कोयता घेऊन धावणाऱ्याला लेशपाल जवळगे या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणाने अडवले. पाठोपाठ हर्षद पाटील हा दुसरा तरुण धावून आला, आणि मुलगी वाचली. वसईतल्या त्या अनाम गृहस्थाच्या अंगी लेशपालपेक्षा धैर्य कमी होते असे मला वाटत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा कोणी आला नाही, एवढाच फरक.

“आणि २०११ साली अंबोलीत कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस हे दोघे असूनही मारले गेले,” वकीलबाई म्हणाल्या. “मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला त्यांनी हटकले, तो टोळी घेऊन परत आला, आणि भोवतालची माणसे उभी होती. गुन्हेगारांना जन्मठेप झाली ती २०१६ साली. मुलांना मध्ये पडायला शिकवणार असाल, तर हेही शिकवावे लागेल की मध्ये कधी पडू नये.”

“शिकवू,” नाना म्हणाले. “पोहायला शिकवणारा भोवरा कुठे आहे ते आधी सांगतो.” मग थोडे थांबून त्यांनी सावित्रीबाई फुल्यांचा विषय काढला. सावित्रीबाई म्हटले की शेण-गोळे आणि जादा लुगडे एवढेच आठवण्याची आपली रीत आहे. नानांच्या मनात होते ते २९ ऑगस्ट १८६८ चे, नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले, आणि गावकऱ्यांनी दोघांना पकडून, मारत मारत, जिवे मारण्याच्या बेताने गावातून नेले. ती वार्ता ऐकून सावित्रीबाई धावत तिथे गेल्या आणि जमाव परतवला. “एकटी बाई, समोर खवळलेले गाव, आणि हातात शस्त्र शब्दांचे. शांतिसेना याहून निराळी काय असते?”

“त्यांनी जमावाला सांगितले काय, नाना?”

नाना गप्प राहिले, कारण उत्तर त्यांना ठाऊक होते. सावित्रीबाईंनी त्या जमावाला दयेचे आवाहन केले नव्हते. इंग्रजी अमलात खुनाचा परिणाम काय होतो, याचा धाक घातला होता.

“म्हणजे शब्दांच्या मागे फौजदारी कायदा उभा होता,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि पुढचे तुम्ही सांगितले नाही. गाव शांत झाले ते एका अटीवर, की दोघांनी गाव सोडावे. ती दोघे गाव सोडून गेली. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे धाडले. जीव वाचले, ही लहान गोष्ट नव्हे. पण गाव सोडले कोणी? मारणाऱ्यांनी नाही. आज महाविद्यालयात शांतता होते तेव्हा दाखला काढून नेते ती मुलगीच.”

या एका पत्राने दोघांचाही पक्ष एकाच वेळी बळकट आणि दुबळा केला, असे मला वाटले. धाक होता, पण तो घालायला कोणी तरी धावत जाऊन, जमावात शिरून, योग्य स्वरात बोलावे लागले; कायदा आपल्या पायांनी नायगावच्या रस्त्यावर आला नव्हता. आणि बोलणारी व्यक्ती कितीही कुशल असली तरी, त्या बोलण्यातून निघालेल्या शांततेची किंमत सर्वांत दुबळ्यांनीच मोजली. शांतता राखण्याचे ओझे जिच्यावर अन्याय झाला तिच्या डोक्यावर ठेवावयाचे नाही, एवढा एक नियम पाळला, तर नानांच्या कौशल्यांना माझा विरोध उरत नाही. आणि तो पाळला नाही, तर त्या कौशल्यांना जुलमाचे सौजन्य म्हणावे लागेल.

नानांचा हुकमी पत्ता अजून शिल्लक होता. “तुझ्याच विनियमांत लिहिले आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच चष्मा लावून कागद काढला, “की निव्वळ शिक्षेपेक्षा, शक्य तिथे, पीडितेचे पूर्ण समाधान होईल अशा रीतीने संघर्षाचे निराकरण होणे अधिक पसंत करावे. हे मी लिहिलेले नाही.”

“वाक्य आहे,” वकीलबाईंनी मान्य केले. “मला ते आवडत नाही, पण आहे. त्याच्या अलीकडची वाक्येही वाचा. समेट मागायचा तो तिने. समितीने सुचवायचा नाही. त्यात पैशाचा व्यवहार होता कामा नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमातही तेच. आता मला सांगा, जिचा परीक्षेचा अर्ज, अंतर्गत गुण, शिष्यवृत्तीची सही हे सारे त्याच संस्थेच्या हाती आहे, ती ‘मी आपण होऊन समेट मागते’ असे लिहून देते तेव्हा त्या ‘आपण होऊन’ची किंमत किती? नियम सांगतो की समितीची अध्यक्ष वरिष्ठ अध्यापिका हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, आणि विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी-प्रतिनिधी हवेत, तेही निवडून आलेले. मी ज्या समित्यांवर बसले तिथे ते तीन विद्यार्थी नेमलेले होते, आणि नेमताना पाहिले होते ते एवढेच की पोरे उलट बोलणारी नाहीत ना. शांतता-कौशल्य शिकवायचेच असेल तर आधी या समितीला शिकवा. ऐकावे कसे, एकच हकिगत मुलीकडून पाच वेळा वदवून घेऊ नये, तिची आणि त्याची समोरासमोर रुजवात घालू नये, ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न जिभेवर आला तर गिळावा कसा. नव्वद दिवसांच्या मुदतीत ही विद्या त्यांना अवगत झाली तरी पुष्कळ.”

“म्हणजे कौशल्य हवे आहे. फक्त ते कोणी शिकायचे याविषयी वाद आहे.”

“तोच तर सगळा वाद आहे!”

इथपर्यंत दोघे एकमेकांच्या बरेच जवळ आले होते. त्या मुलाचा विषय निघताच पुन्हा दूर गेले. नानांचे म्हणणे असे, की समितीने शिक्षा ठोठावली, नाव कमी केले, तरी मुलगा सफाळ्यातच राहतो, त्याच गाडीने वसईच्या नाहीतर बोईसरच्या कारखान्यात जाऊ लागतो, आणि त्याच्या डोक्यातली आग होती तशीच राहते. १९९० साली उल्हासनगरात शालान्त परीक्षेच्या वर्गात शिरून एका मुलीला जाळले. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या अध्यापिकेला भर चौकात पेटवले, आणि आठवडाभराने ती गेली. “मधल्या तीस वर्षांत कायदा किती बदलला त्याची यादी तू देशील, आणि हिंगणघाटच्या आरोपीला दोन वर्षांत जन्मठेप झाली हेही सांगशील. पण त्या तीस वर्षांत नकार ऐकायला मुलांना कोणी शिकवले?”

शिकवणारे अगदीच नव्हते असे नाही. १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी, पत्नीला मारहाण करण्याच्या विरोधात असलेल्या पुरुषांनी पुढे यावे अशी जाहिरात वृत्तपत्रातून दिली, तिला दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरे पाठवली, आणि त्यांतून १९९३ साली मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी यांनी ती चिकाटीने चालवली. २००६ पासून पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने ‘युवा मैत्री’ नावाचा उपक्रम महाविद्यालयांत नेला, ज्यात मुलांची निवासी शिबिरे होतात, आणि तीच मुले पुढे पथनाट्ये आणि गप्पांमधून इतर मुलांशी पुरुषपणाविषयी बोलू लागतात. नानांना हे प्रारूप मनापासून पसंत आहे. वकीलबाईंची शंका अशी, की अशा शिबिरांना आपण होऊन येतात ती मुले आधीच निम्मी सुधारलेली असतात.

“येऊ देत,” नाना म्हणाले. “फलाटावर बघत उभी असतात ती तीच मुले.”

मग वकीलबाईंनी एक आकडेवारी पुढे केली, तिने नानांना आनंद व्हावा की दुःख हे ठरवणे कठीण होते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर केलेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग: निम्म्या मुलींना चार सत्रांचे प्रशिक्षण दिले, निम्म्यांच्या हाती केवळ माहितीपत्रके दिली. वर्षअखेर पत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झालेला होता. प्रशिक्षण मिळालेल्या गटात ५.२ टक्के. “शिकवल्याने फरक पडतो, हे सिद्ध आहे. पण शिकवले काय ते पाहा. धोका बहुधा ओळखीच्या माणसाकडूनच असतो हे ओळखणे, संकोच सोडून नाही म्हणणे, आणि वेळ आली तर ओरडणे, मारणे. सामोपचार त्यात नाही.”

“आणि तरीही पाच टक्के उरले,” नाना म्हणाले. “त्या पाच टक्क्यांना शिकवण्यासारखे काही उरलेले नव्हते. शिकायचे होते ते दुसऱ्याच कोणी.”

हे उत्तर वकीलबाईंनी माझ्याकडून टिपून घेतले. मला वाटते, त्या सबंध दुपारी नानांनी जिंकलेला हाच एक डाव निर्विवाद होता.

संध्याकाळी महाविद्यालयाला पाठवायच्या पत्राचा मसुदा झाला. पहिले व्याख्यान विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर तक्रार समितीचे सदस्य, लिपिक, शिपाई, पहारेकरी आणि जिमखान्याचे शिक्षक यांच्यासाठी असावे, असा वकीलबाईंचा आग्रह. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय आला तो तिथल्याच पहारेकऱ्यावर, ज्याने त्याच दिवशी रेल्वेखाली जीव दिला; तेव्हापासून फाटकावरच्या माणसापासून सुरुवात करण्याविषयी त्या हट्टी झाल्या आहेत. दुसरे व्याख्यान नानांचे: बघ्यांसाठी, भाजीवालीच्या गोष्टीसह. समेटाचा भाग वकीलबाईंनी मसुद्यातून काढला, नानांनी पुन्हा घातला, आणि अखेर तो अशा रूपात राहिला की शिक्षा झालेल्या मुलांसाठी वेगळा तास असावा, तो मुलीच्या तक्रारीच्या दप्तराशी जोडू नये, आणि तो नानांनी घ्यावा.

“एक अट,” वकीलबाई म्हणाल्या. “त्या तासाच्या हजेरीचा दाखला देता कामा नये. दिलात, तर तो शिक्षेच्या माफीसाठी जोडला जाईल.”

“दाखला नाही, तर मुलगा येईल कशाला?”

यावर दोघांनाही तोड सुचली नाही, तेव्हा तो प्रश्न तसाच, दोघांच्या सह्यांनिशी, पत्राच्या शेवटी घालून पाठवला. महाविद्यालयाचे उत्तर आले आहे. त्यात त्या प्रश्नाचा उल्लेख नाही. कळवले आहे ते एवढेच, की शिपाई व पहारेकरी यांच्यासाठी व्याख्यान ठेवण्याची तरतूद शिबिराच्या अंदाजपत्रकात नाही, तरी दोन्ही वक्त्यांनी विद्यार्थ्यांसमोरच, प्रत्येकी वीस मिनिटे, बोलावे.